‘जुनी गाडी, तापणारच!’

(तृतीय वर्ष कला)

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक उमटते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, “तापत नाही का हो?” नाही म्हटले तर कोणाचा विश्वास बसत नाही. जुनी गाडी म्हटली की ती घाटात तापणार, बॉनेटमधून वाफ निघणार, कुणीतरी बाटली घेऊन पाणी शोधत हिंडणार, हे सगळे जणू विधिलिखित आहे. परवा कँटीनमध्ये हाच विषय निघाला तेव्हा एका मित्राने निकालच देऊन टाकला, “वय झालं की माणूससुद्धा तापतो, गाडीचं काय घेऊन बसलीस!” सगळे हसले. मीही हसले. पण मला ते पटले नाही. माझे म्हणणे असे आहे की ‘जुनी गाडी, तापणारच’ हे सत्य नसून सबब आहे. हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. आमच्या घराने त्याची किंमत मोजली आहे, म्हणून ते मांडायचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजते.

गाडी माझ्या आजोबांची. त्या काळी गाडीची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आजोबांनी ती पाहिली आणि एके दिवशी पिवळसर पांढऱ्या रंगाची पद्मिनी दारात आणून उभी केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मूळ वाण इटलीच्या फियाट अकराशेचे. त्यामुळे आमच्या घरी तिला कोणी पद्मिनी म्हटले नाही. ती ‘फियाट’च राहिली. आजोबा २०२० साली गेले. त्यानंतर टाळेबंदीत ती शेडमध्ये उभी राहिली ती जवळजवळ दोन वर्षे. तिच्या पोटात पाणी तसेच होते. ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

मे २०२२ मध्ये साताऱ्याला माझ्या मामेबहिणीचे लग्न होते. गोरज मुहूर्त. आजोबांची गाडी लग्नाला न्यायची अशी हौस आम्हां सर्वांनाच आली. बाबांनी ती एका गॅरेजमध्ये दाखवून आणली. तिथे तेल बदलले, प्लग साफ केले आणि “उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता बिनधास्त जा” असा दिलासा दिला. आम्ही बिनधास्त निघालो. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वाहनांची रांग लागली होती. दुपारचे तीन वाजले होते. रांग मुंगीच्या पावलांनी वर सरकत होती, आणि आजोबांनी वेगळा बसवून घेतलेला तापमानाचा काटा हळूहळू उजवीकडे झुकत होता. मी पुढच्या सीटवर होते. काटा मला दिसत होता. पण मी घड्याळाकडे पाहत होते.

अर्ध्या घाटात वाफ आली. बाबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि म्हणाले, “अर्धा तास थांबावं लागेल.” मी म्हणाले, “बाबा, मुहूर्त चुकेल. झाकण काढा, पाणी घालू आणि निघू.” एकदा नव्हे, तीनदा म्हणाले. मागच्या डिकीतले फडके काढून त्यांच्या हातात मीच दिले. बाबांनी रेडिएटरचे झाकण फिरवले मात्र, ते हातातून उडाले आणि उकळते पाणी कारंज्यासारखे वर आले. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात भाजला. गाडीसाठी आणलेले पाणी आम्ही त्यांच्या हातावर ओतले. साताऱ्याला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, आणि आम्ही मांडवात न जाता आधी दवाखान्यात गेलो.

ते पाणी असे का उसळले, हे मला नंतर कळले. स्वयंपाकघरात ज्याने प्रेशर कुकर पाहिला आहे त्याला ते लगेच कळेल. उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. उंचावर त्याहून लवकर. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांनाच. उलट दाब वाढवला की उकळबिंदू वर जातो. रेडिएटरचे झाकण म्हणजे नुसते बूच नव्हे. त्यात स्प्रिंग असते आणि ठरावीक दाब साठेपर्यंत ती झाकण दाबून धरते. सात पौंडांचे झाकण असेल तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. पण आत १०८ अंशांचे पाणी असताना झाकण काढले की दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि इतका वेळ शांत असलेल्या पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन उरलेल्या पाण्याला बाहेर फेकतो. शिट्टी पडायच्या आत कुकर उघडू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. गाडीचे झाकण गार झाल्याशिवाय उघडू नये हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. खरे म्हणजे बाबांना ते ठाऊक होते. त्यांनी माझ्या घाईला मान दिला.

हात बरा झाल्यावर बाबा म्हणाले, “झाली गाडी. भंगारात देऊन टाकू. जुनी आहे, तापणारच.” या वाक्याने मात्र मी अस्वस्थ झाले. गाडी जुनी म्हणून तापली, की गाडी तापावी असे आपणच काही केले? मी बाबांकडे दोन महिन्यांची मुदत मागितली.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्रात पहिल्याच काही तासांत कारण आणि निमित्त यांतला फरक सांगतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात तो शिकण्याआधीच मी तो गॅरेजमध्ये शिकले. आजोबांच्या ओळखीचे एक वयस्क मेस्त्री होते. त्यांनी कामाला होकार दिला तो एका अटीवर: “पोरी, तू समोर उभी राहायचीस. मी काय करतो ते बघायचंस. नुसती गाडी घेऊन गेलीस तर पुढच्या मे महिन्यात परत येशील.” मुलीने तेलकट हातांनी गाडीखाली डोकवावे याचे त्यांना काही वाटले नाही, वाटले ते शेजाऱ्यांना.

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी विचारले, “तुमच्याकडे पूर्वी बंब होता का?” होता. तांब्याचा, मधोमध नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. “इंजिन म्हणजे बंबच. फरक एवढाच की बंबात पाणी तापावं म्हणून जाळ करतात आणि इंजिनात जाळ सोसवावा म्हणून पाणी ठेवतात.” पेट्रोल जळून जी उष्णता होते तिच्यातली जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येते. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्याने उचलून बाहेर टाकायचा असतो. पंप पाणी फिरवतो, इंजिनातली उष्णता घेऊन ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, पंख्याने ओढलेल्या वाऱ्याला ती उष्णता देऊन परत आत जाते. या साखळीतली एक कडी ढिली झाली तरी गाडी तापेलच असे नाही. कारण बनवणाऱ्याने थोडा वाव ठेवलेला असतो. चार कड्या थोड्याथोड्या ढिल्या झाल्या की तो वाव संपतो. मग घाट, ऊन आणि रांग ही निव्वळ निमित्ते ठरतात.

आमच्या गाडीत अशा किती कड्या निघाल्या ते सांगते. झाकणाच्या रबराला भेगा पडल्या होत्या. म्हणजे ते पुरता दाब धरत नव्हते आणि पाणी व्हायला हवे त्याआधी उकळू लागत होते. (एवढ्या गळक्या झाकणानेही बाबांचा हात भाजला, हे विसरू नये.) खालचा होज पाइप बोटाने दाबला तर लोण्यासारखा दबत होता. पंप त्या बाजूने पाणी ओढतो. इंजिनचा वेग वाढला की तो मऊ पाइप आत चिकटून बसत होता आणि नेमकी गरज असताना वाट अरुंद होत होती. फॅन बेल्ट सैल होता. दोन कप्प्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर तो साधारण अर्धा इंच दबावा. आमचा इंचभर जात होता. या गाडीत एकच पट्टा पंखा, पंप आणि डायनामो फिरवतो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी काटाही चढू लागला तर समजावे, पट्टा तुटला किंवा घसरतो आहे, आणि तिथल्या तिथे थांबावे.

सर्वांत मोठा दोष रेडिएटरमध्ये होता. मेस्त्रींनी इंजिन थोडे गरम होऊ दिले, ते बंद केले, आणि पंख्यापासून हात दूर ठेवून मला रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरवायला सांगितला. काही पट्टे कोमट लागले, काही गार. “गार लागतंय तिथं पाणी जातच नाही,” मेस्त्री म्हणाले. रेडिएटर उतरवून त्याच्या कारागिराकडे नेला. त्याने वरची-खालची टाकी उघडली आणि एकेका नळीतून बारीक सळई फिरवली. पांढरट पापुद्रे आणि तांबूस गाळ यांचा ढीग पडला. तांबूस तो गंज. दोन वर्षे उभ्या गाडीत साचलेल्या पाण्याची करणी. पांढरे ते क्षार. आणि ते आमच्याच बोअरवेलचे. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी बसतो तोच थर. तो उष्णता नीट जाऊ देत नाही. बाबा दर आठवड्याला मोठ्या निष्ठेने बोअरचे पाणी ओतत होते. गाडीला पाणी पाजतो आहोत असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तिच्या नळ्या बुजत होत्या. तेव्हापासून आम्ही बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट यांचेच मिश्रण घालतो.

शेवटची कडी अगदी अनपेक्षित होती. इग्निशनचे टायमिंग मागे पडले होते. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरापर्यंत चालते, पिस्टनला ढकलण्यात जायची उष्णता भिंतींना आणि धुराच्या वाटेला जाते. गाडीची ओढ कमी होते, म्हणून आपण पाय आणखी दाबतो आणि ती आणखी तापते. म्हणजे पाण्याशी ज्याचा काही संबंध दिसत नाही त्या गोष्टीनेही पाणी उकळते. तापणारी गाडी आली की नुसते रेडिएटरकडे बघणारा मेस्त्री आणि ताप आला की नुसते कपाळाला हात लावणारा डॉक्टर, दोघे सारखेच.

आता त्या काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटविषयी. हा उपाय आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याविरुद्ध बोलणे म्हणजे परंपरेविरुद्ध बोलणे. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा लहानसा दरवाजा. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही; ८०-८५ अंशांच्या आसपास तो उघडू लागतो. नवा थर्मोस्टॅट आम्ही आईच्या स्वयंपाकघरात तपासला. पातेल्यात पाणी, दोरीने मधोमध टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी तापमापक. आईने “हे पातेलं आता चहाला नको” एवढाच शेरा मारला. ८२ अंशांना दरवाजा किलकिला झाला आणि पाणी उकळू लागण्याआधी सताड उघडला. आता विचार करा. गाडी तापून ९५ अंशांवर जाते तेव्हा चांगला थर्मोस्टॅट मुळात सताड उघडाच असतो. उघडे दार चौकटीसकट उखडून टाकल्याने वारा किती वाढणार? थर्मोस्टॅट बिघडून बंदच राहत असेल तर तो जरूर काढावा. पण त्याच्या जागी चांगला बसवण्यासाठी. तो नसेल तर इंजिन बराच वेळ गार राहते, पेट्रोल जास्त खाते आणि झिजते. आमच्या गॅरेजवाल्याने निरोगी अवयव कापला आणि रोग तसाच ठेवला.

कूलंटविषयीही असाच एक गैरसमज आहे. हिरवे-गुलाबी द्रव ओतले की गाडी तापायची थांबते असे अनेकांना वाटते. त्यातले ग्लायकॉल उकळबिंदू थोडा वाढवते हे खरे. पण उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी त्याच्यापेक्षा सरस आहे. आपल्या हवेत कूलंटचा मोठा उपयोग गंज रोखण्याचा. तो पथ्यासारखा आहे, औषधासारखा नाही. बुजलेल्या नळ्या तो उघडत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. भर उन्हात गाडी अचानक बंद पडते, लोक म्हणतात तापली. पण काटा जागेवर असेल तर ती बहुधा तापलेली नसते. पंपात किंवा नळीत पेट्रोलचीच वाफ धरलेली असते. पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवून जुने ड्रायव्हर जो उतारा करीत तो याच्यावरचा. म्हणजे पुन्हा तेच: आधी काट्याकडे बघा, मग नाव द्या.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप मला मान्य आहे. ही गाडी ज्या रस्त्यांसाठी बनली त्या रस्त्यांवर अशा रांगा नव्हत्या. तिचा पंखा इंजिनच्या वेगाने फिरतो. रांगेत इंजिन मंद चालते, पंखाही मंद फिरतो आणि समोरून वाराही येत नाही. अशा वेळी कोणी रेडिएटरपुढे विजेचा छोटा पंखा बसवून घेतला तर मी त्याला पाखंडी म्हणणार नाही. पण तो शेवटी बसवावा, आरंभी नव्हे. आधी गाडी तिच्या मूळ प्रकृतीवर आणावी. बुजलेल्या रेडिएटरपुढे पंखा लावणे म्हणजे नाक चोंदलेल्या माणसाला खिडकीत बसवणे.

‘जुनी म्हणून तापणार’ म्हणणाऱ्यांना मी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीकडे बोट दाखवते. पद्मिनीचे उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबले, तरी त्यांतल्या अनेक गाड्या पुढे वीस वर्षे मुंबईच्या मे महिन्यात, मुंबईच्या रांगांत, दिवसभर धावत होत्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. पण ती तापली म्हणून गेली नाही. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून गेली. पोट ज्या गाडीवर असते तिच्या झाकणाचे रबर माणूस वेळेवर बदलतो. म्हणजे प्रश्न वयाचा नाही, लक्ष असण्या-नसण्याचा आहे.

मे २०२३ मध्ये आम्ही पुन्हा त्याच घाटाला गेलो. लग्न नव्हते, मुहूर्त नव्हता. वेळ मात्र मुद्दाम दुपारी तीनची निवडली. बाबा गाडी चालवत होते आणि मी काट्याकडे बघत होते. मेस्त्रींनी बजावले होते की चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नका, गिअर उतरवा. म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतील. काटा चढला. गेल्या वर्षी ज्या वळणावर थांबलो होतो तिथे तो मधल्या रेघेच्या थोडा पुढे होता. बाबांचा डावा हात गिअरवर होता आणि शर्टाच्या बाहीखालून भाजल्याचा डाग दिसत होता. मी काही बोलले नाही, तेही नाही. पुढच्या दोन वळणांत काटा तिथेच राहिला. वर पोचल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली. पण इंजिन लगेच बंद केले नाही. चढानंतर एकदम बंद केले तर पाणी फिरायचे थांबते आणि धातूतली उष्णता त्याच पाण्यात चढत जाते, म्हणून दोन मिनिटे ते तसेच चालू ठेवले. मग चहा प्यायलो. बॉनेट उघडायची गरज नव्हती, तरी बाबांनी ते उघडले आणि झाकणाकडे लांबून बघत उभे राहिले. म्हणाले, “त्या दिवशी तुझं ऐकायला नको होतं.” मी म्हणाले, “मी बोलायलाच नको होतं.” घाटात आमचे एवढेच बोलणे झाले. भंगाराचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या वार्षिकात हे रेडिएटरपुराण कशाला? माझे उत्तर असे की ‘असे होणारच’ हे वाक्य फक्त गाड्यांबद्दल उच्चारले जात नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकांना वाळवी लागणारच, नाट्यगृहाचे छप्पर गळणारच, आजीला दम लागणारच. दर वेळी आपण वयाकडे बोट दाखवतो आणि झाकणाचे रबर तपासायचे राहून जाते. काही गोष्टी खरोखर वयानेच जातात, हे मी नाकारीत नाही. पण तसे म्हणण्याचा अधिकार सर्व कड्या तपासून झाल्यावर मिळतो, आधी नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी आजोबांची किंवा वडिलांची जुनी गाडी उभी असेल त्यांना एवढीच विनंती. एखाद्या रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण उघडून आत डोकावा. पाणी तांबडे दिसले तर ते काढून टाका. खालचा पाइप दाबून बघा, पट्टा दाबून बघा. आणि घाटात कधी काटा उजवीकडे झुकू लागला, तर शेजारी बसलेल्या कोणी कितीही घाई केली तरी तिचे ऐकू नका.